लय कोणाच्या हातात? एका ऑर्केस्ट्राच्या ताल-विभागाचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा हा ऑर्केस्ट्रा. गाणी बसवताना रिदमचं बघायला त्यांनी मला बोलावलं होतं, त्यामुळे इथलं बहुतेक सगळं डोळ्यांसमोर घडलेलं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

ऑर्केस्ट्रा वडिलांनी सुरू केलेला, आता मुलगा चालवतो. गणपती, नवरात्र, कोजागरी, पुढे जत्रांचा हंगाम, मधे एखादं स्नेहसंमेलन किंवा कुणाची एकसष्टी, अशा तारखा. तीन तासांचा कार्यक्रम. भक्तिगीतानं सुरुवात, मग भावगीतं, मग सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी आणि शेवटच्या तासात कोळीगीत, गोंधळ, लावणी. पश्चिम महाराष्ट्रात हा क्रम कोणी कागदावर लिहून दिलेला नाही, पण तो मोडला तर मंडळवाले विचारायला येतात.

गायक चार, निवेदक एक, गिटार एक, कीबोर्ड दोन. आणि तालाला चौघं.

ढोलकी आणि तबला अण्णांकडे. साठी उलटलेली, उमेदीची वर्षं तमाशाच्या फडात गेलेली. ऑक्टोपॅडवर, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, पंचविशीचा एक पोरगा, डिप्लोमा झालेला, मोबाइलवर व्हिडिओ बघून ड्रम शिकलेला आणि हाताचा पक्का. तुंब्यावर, म्हणजे कोंगासारख्या उभ्या ढोलांवर, दिवसा नोकरी करून संध्याकाळी वाजवणारा एक गृहस्थ. चौथा संचालकांचा भाचा, साइड रिदमला. खंजिरी, शेकर, कबास, मंजिरी, घुंगरू, दिमडी अशी त्याची पिशवी, आणि पिशवीतलं सगळं वाजलंच पाहिजे असा त्याचा समज.

बास गिटार नव्हती. दुसरा कीबोर्डवाला डाव्या हातानं बास धरायचा, आणि रिकामं वाटू नये म्हणून कीबोर्डमधली तयार रिदम स्टाइल बारीक आवाजात खाली चालू ठेवायचा. म्हणजे मोजायला गेलं तर तालाला पाच जण होते, पाचवा यंत्राच्या आत.

रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ सालचा. आठ पॅडचा हा चौकोनी डबा आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी मनापासून उचलला, कारण अख्खा ड्रमसेट टेम्पोत घालून फिरवण्यापेक्षा तो काखोटीला मारून नेता येतो आणि संबळापासून डफापर्यंत हवा तो आवाज देतो. पण तो आल्यावर आधीच्या वाद्यांनी काय वाजवायचं थांबवायचं, हा विषय बऱ्याच ठिकाणी कुणी काढला नाही. इथंही नाही. गेल्या काही वर्षांत वाद्यं वाढत गेली आणि प्रत्येक जण आपलं पूर्ण वाजवत राहिला.

अडचण

तक्रारी आधीपासून होत्या. भावगीत गाणारी ताई म्हणायची, शब्द पोचत नाहीत. पुरुष गायक म्हणायचा, अंतऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळत नाही, गाणं पळतं. श्रोत्यांतले जाणते म्हणायचे, धबधब फार. संचालकांनी त्यावर साउंडवाल्याला सांगून गायकांचे माइक वाढवले, मग तालवाल्यांना स्वतःचं ऐकू येईना म्हणून त्यांनी जोर लावला, मग पुन्हा माइक वाढले.

कोजागरीच्या एका कार्यक्रमात ते उघड्यावर आलं. शेवटची लावणी. दुसऱ्या अंतऱ्यानंतर अण्णांनी रिवाजाप्रमाणे लय चढवली. ऑक्टोपॅडवाला तेव्हा कीबोर्डची स्टाइल धरून वाजवत होता आणि स्टाइल काही चढत नाही, ती लावलेल्या आकड्यावरच चालते. चार-पाच आवर्तनांत, म्हणजे ठेक्याच्या फेऱ्यांत, ढोलकी पुढे गेली, ऑक्टोपॅड मागे राहिला, तुंबा दोघांच्या मधे लोंबकळला. बाई मुखड्यावर यायच्या त्या आल्याच नाहीत. माइक हातात धरून दोन्ही बाजूंना बघत उभ्या राहिल्या. अण्णांनी एक लांबलचक तोड (ठेका मोडून समेकडे नेणारा तुकडा) टाकून सगळ्यांना गप्प केलं, सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा दिली आणि गाणं पुन्हा उचललं. टाळ्या पडल्या, कारण निम्म्या लोकांना तो लावणीतलाच प्रकार वाटला. मंडळाच्या अध्यक्षांना मात्र वाटला नाही. पुढच्या वर्षीची तारीख दुसऱ्या पार्टीला गेली.

गाडीत बसल्यावर अण्णा आणि ऑक्टोपॅडवाला यांची जुंपली. पुढच्या बैठकीत संचालकांनी दोन शब्द उच्चारले: माणूस बदलू.

मुळाशी काय होतं

माणूस बदलण्याआधी निदान ऐकून तरी घेऊ, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मागच्या कार्यक्रमांची मोबाइलवरची रेकॉर्डिंग जमा केली आणि एक तालीम प्रत्येक वाद्याचा वेगळा माइक लावून ध्वनिमुद्रित केली.

पहिली गोष्ट लगेच सापडली. एक कोळीगीत मिनिटाला १०४ मात्रांवर सुरू होऊन ११८ वर संपत होतं. लय सलग वाढत नव्हती, ती प्रत्येक तोडीनंतर एक पायरी वर जात होती. तोड टाकायची वेळ आली की चौघंही टाकत, चौघांचीही समेवर आधी पोचायची घाई, आणि जो आधी पोचला त्याच्या लयीत पुढचं आवर्तन सुरू. घाईला आणखी एक कारण होतं, ते वाद्यांतलं नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे एरवी रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सणासुदीचे काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, ते सोडून. सत्कार आणि भाषणं लांबली की कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि साडेनऊपासून संचालक विंगेतून हातानं ‘आवरा’ची खूण करायला लागतात. शेवटच्या अर्ध्या तासातली सगळी गाणी त्या खुणेच्या लयीत होती.

दुसरी गोष्ट खालच्या आवाजांची. ढोलकीचा धूम (तिच्या खर्जाच्या बाजूचा आवाज), तुंब्याची घुमणारी थाप, ऑक्टोपॅडची किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका) आणि कीबोर्डची बास, चारही समेवर एकाच जागी पडत होते. वेगवेगळे ऐकले तर चारही सुंदर. एकत्र ऐकले की एक बोजड ‘धब्ब’, ज्यात ना बासचा सूर कळे ना ढोलकीचा घुमारा. वरच्या बाजूला खंजिरी आणि शेकर मुखड्यापासून शेवटपर्यंत अखंड. गाणाऱ्याचे स, श, च, त ज्या तीक्ष्ण पट्ट्यात असतात तिथंच ही सळसळ बसते. ताईचे शब्द पोचत नव्हते ते यामुळे, तिच्या आवाजामुळे नव्हे.

तिसरी गोष्ट नाजूक. अण्णांचा केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ठेका, सरळ नव्हता. दुसरी आणि चौथी पाव मात्रा किंचित मागे रेललेली, त्याला आमच्यात झोल म्हणतात. लावणी आणि कोळीगीत त्या झोलावरच चालतं. ऑक्टोपॅडवाला तोच ठेका मोजून मापून, चारही पाव मात्रा समान अंतरावर वाजवत होता. दोघंही लयीत होते, दोघंही बरोबर होते, आणि एकत्र वाजले की प्रत्येक मात्रेला दुहेरी टिचकी ऐकू येत होती. श्रोत्याला हे सांगता येत नाही, त्याला फक्त गाणं अडखळल्यासारखं वाटतं.

आणि चौथी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: कोण कोणाकडे बघून वाजवतो ते मी प्रत्येकाला वेगळं विचारलं. अण्णा गाणाऱ्याकडे बघून वाजवत होते. ऑक्टोपॅडवाला कीबोर्डकडे. तुंबेवाला अण्णांकडे. भाचा ऑक्टोपॅडकडे. कीबोर्डवाला त्याच्या स्टाइलकडे. लय कोणाच्याही हातात नव्हती.

यात स्टेजवरच्या बैठकीनं भर घातली होती. शोभेसाठी अण्णा आणि तुंबा डाव्या टोकाला, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड उजव्या टोकाला, मधे गायक. चाळीस फुटी स्टेजवर हे अंतर बारा मीटरच्या आसपास भरतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे अण्णांची थाप पलीकडे पोचायला सेकंदाचा पस्तीस हजारांश वेळ लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १२० च्या लयीत पाव मात्रा १२५ हजारांशाची असते, तिच्यातला चौथा हिस्सा हवेतच गेला. मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, दोनच आणि दोन्ही गायकांसमोर.

समोरचे पर्याय

ऑक्टोपॅडवाला बदलणं हा पहिला, आणि संचालकांच्या मनातला. दुसरा मुलगा मिळाला असता. पण तोही उजव्या टोकाला बसून कीबोर्डकडेच बघून वाजवणार होता.

दुसरा पर्याय ट्रॅकचा. लॅपटॉपवर रिदमचे तयार ट्रॅक, वर फक्त ढोलकी. बरेच ऑर्केस्ट्रा आज हेच करतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन-तीन मानधनाची पाकिटं वाचतात, गाडी लहान चालते, आवाज रोज सारखा. इथं आडवी आली ती त्यांची गाणी. निवेदक मधेच पाहुण्याचं नाव घेतो, मुखडा दोनदा वाढतो, वन्समोअर येतो, लावणीत लय चढते. ट्रॅक थांबत नाही. शिवाय जत्रेतल्या माणसाला स्टेजवर वाजवणारे हात बघायचे असतात.

तिसरा, सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीत पडणारी यंत्राची टकटक. हिंदी गाण्यांना उत्तम, लावणीला आणि गोंधळाला निरुपयोगी, आणि अण्णा कानात काही घालून घ्यायला तयार होतील अशी कुणालाच आशा नव्हती.

चौथा, बास गिटारवाला आणून तुंबा कमी करणं. खालच्या आवाजांची गर्दी यानं सुटली असती. बाहेरून माणूस आणायचा तर प्रत्येक तारखेचा खर्च वाढणार, म्हणून तो बाजूला ठेवला.

पाचवा पर्याय माणसं तीच ठेवून वाटणी करण्याचा. प्रत्येक गाण्यात लय एकाच्याच हातात आणि बाकीच्यांनी काय वाजवायचं नाही ते आधी ठरलेलं. खर्च शून्य, पण चार माणसांच्या मानापमानाशी गाठ.

निर्णय कसा झाला

बैठक तालमीच्या खोलीतच झाली. सुरुवात भांडणानंच.

ऑक्टोपॅडवाला म्हणाला, “अण्णा, तुम्ही चढता ते मला कळतं. कधी चढणार ते कळत नाही.”

“चढायच्या आधी तोड देतो की मी. पहिल्यापास्नं देतो.”

“ती मला ऐकूच येत नाही. मी त्या टोकाला.”

अण्णा गप्प झाले. इतके महिने पोरगा मुद्दाम अडून राहतो असं ते धरून चालले होते, आणि पोरगा समजत होता की म्हातारा मुद्दाम पळतो. त्यांच्यातल्या वैराचा बराचसा भाग त्या बारा मीटरमध्ये होता.

मग मी वाटणीचा विषय काढला. अण्णा भडकतील असं सगळ्यांनाच वाटलं होतं. त्यांनी उलट फडाचं सांगितलं. तमाशात ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. तुणतुण्याला एकच तार. ते सूर धरतं आणि ठोकाही धरतं. हलगीचा आवाज कडक आणि कोरडा, तो ढोलकीच्या शाईत, म्हणजे उजव्या पुडीच्या चढ्या आवाजात, मिसळत नाही आणि धुमाच्या तर वाटेलाच जात नाही. ढोलकीवाल्यानं दूरवर जाऊन यावं, तोवर बाकीचे जागा सोडत नाहीत.

“तुणतुण्यावाला जागचा हालत न्हाई म्हणून मी फिरतो,” अण्णा म्हणाले. “हितं तुणतुणं कोण हाय ते सांगा आधी.”

यानंतर माझं काम सोपं झालं. वही आणली, गाण्यांची यादी लिहिली आणि पहिल्या रकान्यावर ‘तुणतुणं कोण?’ असंच घातलं. पुढचे दोन रकाने: उठाव कोणाचा, आणि गप्प कोण. तिसऱ्या रकान्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. भाच्याला पहिल्या मुखड्यात खंजिरी नको हे पटेना. त्याला मी राहुलदेव बर्मन यांच्या ताल-विभागातली गाणी हेडफोन लावून ऐकायला सांगितली. मारुतीराव कीर, होमी मुल्लां, अमृतराव काटकर अशी मंडळी तिथं होती. काटकरांचं रेसो-रेसो म्हणजे खाचांवरून काडी घासायची, एवढंच. पण कित्येक गाण्यांत ती खरखर वेगळी ओळखू येते, कारण तिच्या जागेत दुसरं कोणी शिरलेलं नाही. कोणतं वाद्य कुठे येतं यापेक्षा कुठे थांबतं ते लिहून आण, असं सांगितलं. त्यानं आणलं. दोन पानं.

केलं काय

बैठक बदलली. चौघं तालवाले डाव्या बाजूला एकत्र, अण्णा आणि ऑक्टोपॅड समोरासमोर, मान वर केली की नजरेला नजर. बास वाजवणारा कीबोर्ड उचलून ऑक्टोपॅडशेजारी आणला. गायकांच्या दोन मॉनिटरांपैकी एक तालवाल्यांकडे वळवला आणि त्यात फक्त गाणाऱ्याचा आवाज आणि ढोलकीची शाई. याला गायकांनी नाकं मुरडली. एकाच मॉनिटरवर भागत नाही हे त्यांचं म्हणणं रास्त होतं, पुढे तिसरा मॉनिटर भाड्यानं घेतला.

कीबोर्डची स्टाइल बंद. कीबोर्डवाल्याला पहिले काही दिवस उघडं पडल्यासारखं झालं, कारण आता त्याच्या डाव्या हाताच्या चुका ऐकू यायला लागल्या.

गाण्यांची वाटणी साधारण अशी झाली. भावगीतात तबला एकटा. ऑक्टोपॅड बंद, तुंबा बंद, साइड रिदमला फक्त शेवटच्या मुखड्यात मंजिरी. अण्णा ढोलकीचे असले तरी तबल्यावर त्यांचा हात हलका आहे आणि मागे काही नसताना तो पहिल्यांदाच ऐकू आला. हिंदी गाण्यांत लय ऑक्टोपॅडची, त्याच्या एकट्याच्या कानात क्लिक, बाकीचे त्याच्या मागे. तिथं तुंबा पुढे, आणि ढोलकी अंतऱ्याआधीच्या संगीतातच. गोंधळात ऑक्टोपॅडवरचा संबळ आणि भाच्याची दिमडी, बाकी कोणी नाही. कोळीगीतात ढोलकी धरणार. ऑक्टोपॅडनं पाव मात्रा अजिबात भरायच्या नाहीत, फक्त समेला किक आणि पाचव्या मात्रेला स्नेअर. झोलाची भानगड यानंच मिटली: मधल्या मात्रा एकाच माणसाच्या हातात गेल्या.

तोडीही वाटल्या. एका जागी एकानंच तोड टाकायची, बाकीचे ठेका धरून राहणार किंवा थांबणार.

तालमीत एक व्यायाम रोज घेतला. केरव्याची चार आवर्तनं सगळ्यांनी वाजवायची, पुढची चार मनात मोजायची आणि नेमकं समेवर परत यायचं. पहिल्या दिवशी चौघं चार ठिकाणी आले. भाचा सगळ्यांच्या आधी, तुंबेवाला सगळ्यांच्या नंतर, आणि अण्णा व ऑक्टोपॅडवाला जवळजवळ एकत्र. ते दोघांनीही पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचा सूर बदलला असं माझं निरीक्षण आहे. हळूहळू चौघांचं अंतर मिटत गेलं, आणि विशेष म्हणजे शांततेतली घाई कमी झाली तशी तोडीतली घाईही कमी झाली.

मिक्सरवरचं काम थोडं: तुंब्याच्या माइकचा शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापला, ऑक्टोपॅडवर किकचा आखूड, कोरडा आवाज निवडला, ढोलकीच्या धुमाला हात लावला नाही.

लावणीचा पेच

लावणी सगळ्यात शेवटी बसवली. प्रश्न असा की लय चढलीच पाहिजे. न चढणारी लावणी अण्णांना तर नकोच, गाणाऱ्या बाईंनाही नको. शेवटच्या मुखड्याला पायातले चाळ आणि ढोलकी एकमेकांना ओढतात तीच तर मजा. म्हणजे इतर गाण्यांत जो दोष होता तोच इथं गुण, आणि ‘लय स्थिर ठेवा’ असा सरसकट नियम करता येत नव्हता.

ऑक्टोपॅडवाल्याचं म्हणणं, चढायचं तर आकड्यात ठरवा, ९६ वरून १०४, मग ११२. अण्णा म्हणाले, आकडा बाईंच्या दमावर ठरतो, आज किती आणि उद्या किती ते आज कसं सांगू? दोघांचंही बरोबर होतं. शेवटी किती चढायचं ते अण्णांवर सोडलं आणि कुठे चढायचं ते पक्कं केलं. दोनच जागा: दुसऱ्या अंतऱ्यानंतर आणि शेवटच्या मुखड्याआधी. दोन्ही ठिकाणी अण्णा ठरलेली एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, वाजवणार. तिहाई सुरू झाली की ऑक्टोपॅड, बास आणि तुंबा पूर्ण थांबणार. पुढचं एक आवर्तन ढोलकी एकटी नव्या लयीत वाजवणार, भाच्याचे घुंगरू तिच्यासोबत, आणि त्याच्या पुढच्या समेला सगळे आत.

ते एक आवर्तन अनपेक्षितपणे लावणीतली सगळ्यात चांगली जागा ठरलं. सगळा गोंगाट तुटतो, ढोलकी उघडी पडते, बाई पदर खोचतात आणि समेला अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो.

निष्पत्ती

पहिला कार्यक्रम नवरात्रातला, आणि तो निम्मा फसला. भावगीतं इतकी स्वच्छ झाली की ताई विंगेत येऊन रडली. पण तासाभरात मंडळाचा एक कार्यकर्ता स्टेजजवळ आला, “ते डबडं बंद पडलंय का? आवाज वाढवा की जरा, पब्लिक बसलंय नुसतं.” संचालकांची चलबिचल झाली. उत्तरार्धात त्यांनी खूण करून सगळ्यांना पूर्ण वाजवायला लावलं आणि कोळीगीतापासून पुन्हा जुनं सुरू. वही स्टँडवर उघडीच होती.

इथं दुसरा निर्णय करावा लागला. मागे फिरायचं, की मंडळवाल्यांना काय ऐकायला मिळणार ते आधी सांगायचं? संचालकांनी मधला रस्ता काढला. वाटणी ठेवली, गाण्यांचा क्रम बदलला. शांत गाणी पहिल्या तासात एकत्र आणि नववं-दहावं गाणं मुद्दाम भरगच्च, जेणेकरून कार्यकर्त्याचा पाय स्टेजकडे वळण्याआधी त्याला हवं ते मिळावं. सुपारी घेताना मंडळाला सुरू करायची वेळ आणि शेवटच्या गाण्याची वेळ दोन्ही लिहून द्यायला लागले. भाषणं लांबलीच तर शेवटची दोन गाणी गाळायची, पळवायची नाहीत. यातलं शेवटचं दर वेळी पाळलं जातं असं नाही.

पुढच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच कोळीगीत १०४ वर सुरू होऊन १०७ वर संपलं. जिवंत वादनाला एवढं चालतं. लावणीला वन्समोअर यायला लागले. हिंदी गाण्यात एकदा ऑक्टोपॅडवाल्याचा इयरफोन निसटला आणि अर्धं गाणं त्यानं अंदाजानं काढलं. कुणाला कळलं नाही, क्लिक परत कानात घातल्यावर दोन-चार मात्रांत तो सावरला.

किंमत तुंबेवाल्यानं मोजली. वाटणीनंतर तीन तासांत त्याच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश गाणी उरली. पाकीट कमी केलं नव्हतं, पण स्टेजवर हातावर हात ठेवून बसणं त्याला लागलं. हंगाम संपल्यावर तो दुसऱ्या पार्टीत गेला.

वेगळं काय करता आलं असतं

तुंबेवाल्याशी बोलणं आधी व्हायला हवं होतं. वाटणीच्या बैठकीत सगळा वेळ अण्णा आणि ऑक्टोपॅडवाला यांच्यात गेला, कारण भांडण त्यांचं होतं. ज्याचं भांडण नव्हतं त्याचं काम सर्वांत जास्त कापलं गेलं. त्याला ढोलक येत होता. काही हिंदी गाणी ढोलकावर बसवली असती तर तो कदाचित टिकला असता. हे नंतर भाच्यानं सांगितलं.

नवी मांडणी नवरात्राच्या मोठ्या तारखेला उतरवणं घाईचं होतं. आधी एखादी एकसष्टी, दीडशे माणसांचा हॉल, असं काही घेतलं असतं तर कार्यकर्त्याच्या एका वाक्यावर संचालक डगमगले नसते.

साउंडवाल्याला आम्ही बैठकीत घेतलंच नाही. त्यांचा साउंड दर गावी वेगळा, मंडळानं ठरवलेला, आणि प्रत्येक नवा माणूस सवयीनं मॉनिटर पुढे गायकांसमोर मांडतो, ऑक्टोपॅडचा आवाज सगळ्यात वर ठेवतो. आता संचालक स्टेजच्या मांडणीचा एक कागद आदल्या दिवशी मोबाइलवर पाठवतात. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

बास गिटारचा पर्याय खर्चाच्या नावाखाली फार लवकर बाजूला पडला, असं माझं मत. तुंब्याची जागा रिकामी झाल्यावर ते पाकीट शिल्लकच आहे. शेजारच्या गावात कॉलेजात शिकणारा एक बासवाला आहे. संचालक त्याला दोन तालमींना बोलावून बघायचं म्हणतात. अण्णांची अट एकच, पोराला त्यांच्या उजव्या हाताला, ढोलकीच्या शाईच्या बाजूला बसवायचं.